घुमटाची नोंद

मये गावात, तळ्याच्या अलीकडच्या वाड्यावर,
फटू कुंभाराच्या अंगणात सामान उतरवलं:
दोन मायक्रोफोन, तिपाई,
रस्त्याचा आवाज अडवायला माझ्याच घरची गोधडी,
आणि एक छापील तक्ता.
वाद्याचे नाव, उंची, तोंडाचा व्यास, चामड्याचा प्रकार,
शेवटी 'वादकाचे मनोगत', त्याला दीड ओळ.

सोयरू गांवस उशिरा आले.
काखेत नवं घुमट, बकरीच्या कातड्याचं,
आणि टॉवेलात गुंडाळलेलं जुनं,
बापाच्या हातचं, माळ्यावरच्या धुरानं काळं पडलेलं.
कायदा यायच्या आधीचं आहे,
त्यांनी न विचारताच सांगितलं
आणि फाटकाकडे पाहिलं.

नवं त्यांनी मनसोक्त वाजवलं,
आरतीचा ठेका, मग सुवारी,
उजवी बोटं कातड्यावर,
डावा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करणारा,
जसा कुणी रडक्या पोराच्या तोंडावर
हात ठेवतो आणि काढतो.
पडद्यावर हिरव्या टेकड्या उगवल्या, मावळल्या.
फटू म्हणाला, "माती तीच. भाजणंही तेच."
मग थोड्या वेळानं, कुणीच काही बोललेलं नसताना,
"माती तीच हं."

जुनं त्यांनी उन्हात धरलं, बराच वेळ.
खवल्यांची जाळी अजून मोजता येत होती,
आणि काठाशी केसाएवढी चीर.
"तीन थापा," ते म्हणाले.
"चवथी मागू नको, बाये."

पहिली पडली.
कुंभाराची सून भांडी घासायची थांबली.
काय झालं ते तक्त्यात लिहिता येईना:
आवाज आधी खाली गेला,
विहिरीच्या पाण्याला कळशी टेकावी तसा,
आणि वर येताना ओला होऊन आला.
दुसरी. रेघ तांबड्याला शिवली.
तिसरीसाठी हात उचलला गेला
आणि तिथेच राहिला.
मग त्यांनी घुमट पुन्हा टॉवेलात घातलं.
"ही नको आता. चवथीला लागेल."
कुठल्या चवथीला, येत्या की पुढच्या,
ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पणजीत इनासनं
दोन्ही आलेख एकावर एक ठेवले.
अकरा हर्ट्झचा फरक,
वरच्या पट्टीत थोडं धुकं.
"भरून काढता येईल," तो म्हणाला,
"कापडाचा पडदा, वर सरसाचे दोन हात,
वर्षभरात ओळखू येणार नाही इतकं जवळ आणून देतो."
तो करीलही. त्याची बोटं हुशार आहेत.
मी मान डोलावली, मला ते हवं आहे.
मला घोरपडही हवी आहे,
सड्यावरच्या चिऱ्यांच्या फटीत
पोट फुगवून अडकून बसलेली,
कुणाच्याच आरतीची नसलेली.

रात्री फाईल साफ करायला बसले.
यंत्रानं गोंगाटावर आधीच खुणा केल्या होत्या:
खाणीकडचा ट्रक, एक कोंबडा, माझा श्वास.
पुसत गेले.
मग दुसऱ्या थापेच्या शेपटाशी,
जिथे नाद संपून नुसतं अंगण उरतं,
एक सरपट.
सुक्या पानांवरून, जड, अजिबात घाई नसलेली,
कुंपणाच्या चिऱ्यांकडे जाणारी.
चार सेकंद.
कशाची, ते शपथेवर नाही सांगता येणार.
मुंगूस असेल. वाऱ्यानं झावळी ओढली असेल.

यंत्र विचारत होतं, पुसू?

मी तेवढाच तुकडा तीनदा ऐकला.
'नाही' दाबलं.
चामड्याचा प्रकार कोराच सोडला,
आणि मनोगताच्या दीड ओळीत लिहिलं:
एक थाप बाकी.